सासऱ्याच्या नावाची घागर

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचं. मागच्या उन्हाळ्यात, चैत्रात. ज्वारीचा घाटा तिनं सकाळीच शिजवून ठेवला होता. मी पातेलं गच्चीवर नेलं, खाटेवर माझं जुनं धोतर ओलं करून अंथरलं, आणि आम्ही समोरासमोर बसून थापायला लागलो. तिचे बिबडे गोल. माझे कसेही. जन्मभर बांधकाम खात्याचा रोलर चालवला मी. सरळ पुढं, सरळ मागं. गोल मला जमत नाही.

"हे काय, तापी नदी काढून राह्यले का तुम्ही?" ती म्हणाली.

"पोटात गेल्यावर बठ्ठं सारखंच शे," मी म्हणालो.

ती बोदवडकडची, मी धुळ्याकडचा. जळगावात एका घरात म्हातारे झालो तरी तिची बोली तिची राहिली आणि माझी माझी. मी "आहे"ला "शे" म्हटलं की ती हसायची. त्या दिवशी हसली नाही. हात धोतरावर तसाच ठेवून म्हणाली, "यंदाच्या आखाजीले बाच्या नावाची घागर भराची मले. तुम्ही एकदा पुन्हा धुळ्याले जाऊन या."

"जाऊ. दोघं जाऊ."

"माह्याच्यानं आता एष्टीत बसवत नही. तुम्ही जा. पण खरं काय ते आणा. अंदाजानं घागर नही भरायची."

मी हो म्हणालो. पातेलं संपलं, आम्ही खाली आलो. जेवण झाल्यावर ती जरा पडते म्हणाली. उन्हं कलल्यावर मी चहा ठेवला आणि हाक मारली, "ऐकलं का?" तिनं ओ दिली नाही. चहा उतू गेला तरी मी तिच्याजवळच बसलो होतो.

गच्चीवरचे बिबडे शेजारच्या मारवाडीण वहिनींनी काढले. धोतर उलटं करून पाठीमागून पाणी मारायचं, मग एकेक सोडवायचा, हे त्यांनी आमच्याच हिच्याकडून शिकलेलं. डब्यात भरून देताना म्हणाल्या, "आबा, दोघांचे वेगळे ओळखू येतात हो." मी डबा वर फळीवर ठेवून दिला.

आता घागर म्हणजे काय ते सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात हा माहेरवाशिणींचा, झोक्यांचा सण, तसाच गेलेल्या माणसांचाही. घरातून जे गेले त्यांच्यासाठी मातीची घागर पाण्यानं भरायची. तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, बाजूला आंबा, सांजोऱ्या. निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकायचा. आणि पाणी ओतताना ज्याचं त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं नाही तर ते पाणी त्याला पोचत नाही असं आमच्याकडं मानतात. खरंखोटं मला ठाऊक नाही. मी आईबापाची नावं घेऊन पाणी ओतत आलो आहे.

तिच्या बापाची घागर मात्र कधी कोणी भरली नाही.

तो विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीबरोबर बोदवडकडच्या गावात आला होता. काळ्या दगडात भोक पाडून सुरुंग लावायचं काम. माझ्या सासूच्या बापाच्या शेतात विहीर खोदायला आला आणि त्यालाच मुलगी देऊन घरजावई करून घेतलं. सासूचा बाप त्याच वर्षी साथीत गेला. सासूचा भाऊ तेव्हा लहान होता. मग इंग्रजांची मोठी लढाई आली. फौजेत भरती करणारे लोक स्टेशनावर येऊन बसले. सुरुंग लावता येतो म्हटल्यावर याला लगेच घेतलं आणि फौजेच्या इंजिनियर पलटणीत टाकलं. त्यांना सॅपर म्हणतात. खोदायचं, बांधायचं, उडवायचं, असलं सगळं काम त्यांच्याकडं. माझी बायको तेव्हा पोटात होती. तो गेला तो आलाच नाही. सांगावा नाही, कागद नाही.

गावात लढाईवर गेलेला प्रत्येक माणूस बर्मालाच गेलेला असतो. तसा हाही बर्माला गेला असं धरलं. पहिली काही वर्षं लोकांनी हळहळ केली, मग बोलायला लागले. पळाला असेल. तिकडं दुसरी केली असेल. सासूनं कोणाचं ऐकलं नाही. माझा नवरा आहे, येईल, म्हणून ती शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली, आणि गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवून नेलं. तेव्हाही बाया कुजबुजत होत्या. माझ्या बायकोनं ते ऐकलं होतं. लेकीला असलं ऐकू येतंच.

सगळ्यात जास्त बोलायचा तो तिचा मामेभाऊ. सासूच्या भावाचा मुलगा. वाईट माणूस नाही, पण तोंड आवरत नाही. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत हिला म्हणाला, "अक्का, तुह्या बापानं तिकडं मडम केली असंन. तुले गोरे भाऊ असतीन, जाऊन राखी बांध." सगळे हसले. ही पानावरून उठली. तसंच घर गाठलं. मग म्हणाली, "मेला असंन तर मेला म्हणा. पळाला असंन तर पळाला म्हणा. पन मले कळू द्या."

तिथून आमचा शोध सुरू झाला. मी सातवी नापास. ती दुसरीपर्यंत शिकलेली. आम्ही दोघं सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब चांगला होता, पाणी दिलं, आणि म्हणाला, "बाबा, शिपायाचा नंबर सांगा, पलटण सांगा, नाहीतर निदान नाव सांगा. इतक्या जुन्या माणसाला यातलं काहीतरी लागतं." नंबर नाही, पलटण नाही. नाव होतं. शाळेत तिच्या नावापुढं बापाचं जे लागलं होतं ते.

त्या नावावर आम्ही धुळ्याला गेलो. तिथं कोर्टासमोर एक भाई बसतात. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. आग्रा रोडवर माझा रोलर होता तेव्हापासूनची ओळख. माझे बदलीचे सगळे अर्ज त्यांनी टाइप केले आणि एकही मंजूर झाला नाही, यावरून आम्ही अजून एकमेकांना बोलतो. लढाईत मेलेल्यांची थडगी आणि नावाचे दगड सांभाळणारी परदेशातली एक संस्था आहे, तिच्याकडची नावं कॉम्प्युटरवर पाहता येतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्यांनी नाव टाकलं. बर्मा पाहिलं, आसाम पाहिलं. काही नाही. फौजेला इंग्रजीत पत्र लिहून दिलं. उत्तर आलं, या नावाच्या या गावच्या माणसाची आमच्याकडं नोंद नाही.

ते उत्तर मामेभावाला कळलं, आणि तो म्हणाला, "झालं ना? मेलेल्यांत नही म्हंजे काय ते समजून घ्या."

ही समजून घेईना. म्हणून त्या दिवशी बिबडे थापता थापता ती मला पुन्हा धुळ्याला जा म्हणत होती.

आम्हाला मूलबाळ नाही. तिला अग्नी मीच दिला. घाटावर गुरुजींनी विचारलं, "नाव सांगा." मी गप्प. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, मोठ्यानं विचारलं, "गेलेल्या बाईंचं नाव?" मला नाव ठाऊक होतं. कोणाला नसतं? रेशन कार्डावर आहे. पण माझ्या तोंडून ते निघेना. आमच्या वेळी नवराबायको एकमेकांना नावानं हाक मारत नव्हते. ऐकलं का, अगं, ओ, एवढ्यावर आमचा संसार झाला. शेवटी मामेभाऊ मागून म्हणाला, "दाजी, बाजूले सरा," आणि त्यानं नाव सांगितलं.

हे माझ्या डोक्यात राहिलं. पावसाळा तसाच गेला. घरात मी एकटा, सकाळी दूध आणायचं, भाकरी वहिनी पाठवायच्या, तिच्यावर मीठ-मिरची खायची. पितरांचा पंधरवडा आला. तिचं पान वाढून मी गच्चीवर उभा होतो. कावळा यायला तयार नाही. तेव्हा एकदम मनात आलं की मला माझ्या बायकोचं नाव घेता आलं नाही, तर सासूनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं असेल? तिच्या वेळी तर बाई मरेल पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. तिचा बाप गेलेला, भाऊ लहान, बाकी टोळीचे लोक निघून गेले. मग शाळेत हिच्या नावापुढं बापाचं नाव कोणी लावलं? आणि कुठून आणून लावलं?

कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. खाली येऊन मामेभावाला फोन केला.

"भाऊ, तुझ्या आत्याच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"ठाऊक नही का तुम्हाले? अख्खं गाव म्हनते ते."

"गाव म्हणते ते नाही. त्याच्या आईबापानं ठेवलेलं."

तो आठवायला लागला. मग म्हणाला, "आमचा बाप त्याले भाऊजी म्हने. गाव सुरुंगवाला जवाई म्हने. मंग कोनीतरी विहिरीवर हाकेचं नाव ठेवलं, तेच चाललं. अक्काले शाळेत घातलं तवा आमच्या बापानं तेच सांगतलं. काहून?"

"काही नाही," मी म्हणालो. "आम्ही इतकी वर्षं हाकेच्या नावानं माणूस शोधत होतो."

"दाजी," तो म्हणाला, "आता अक्का नही राह्यली. कोनासाठी कष्ट करता?"

मी फोन ठेवला. कोणासाठी म्हणजे? तिच्याचसाठी. ती गेली म्हणून तिचं काम गेलं का? आणि मी गेल्यावर तर कोणीच करणार नाही. मी मनाशी धरलं की येत्या आखाजीला या माणसाची घागर भरायची, खऱ्या नावानं, आणि तो कुठं आणि कसा गेला ते माहीत करून.

हिवाळाभर मी बोदवडकडं जात राहिलो. गावात पारावर बसायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं. त्या वेळचे पुरुष कोणी उरले नाहीत. जे म्हातारे आहेत ते माझ्याच वयाचे, त्यांना काय ठाऊक? एक जण म्हणाला, "तुम्ही मानसांना विचारता, बायांना विचारा. त्या वेळच्या एक-दोन पोरी कुठीतरी जित्या असतीन." त्या पोरी म्हणजे आता नव्वदीच्या. एक नाशिककडं दिलेली, ती गेली होती. दुसरी यावलला दिलेली. ती होती, पण लेकीकडं सुरतेला गेली होती. मी तिच्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचो. त्याला वाटलं मी काही तरी जमिनीच्या भानगडीचा माणूस. शेवटी होळीनंतर बऱ्याच दिवसांनी त्यानं सांगितलं, आई आली आहे, या.

आखाजी तोंडावर आली होती. मी त्याच सकाळी भुसावळवरून यावलची बस धरली. घर गावाबाहेर, केळीच्या बागांना लागून. म्हातारी ओट्यावर बाजेवर बसली होती. दात नाहीत, नजर कमी, पण कान चांगले.

"कोन?" तिनं विचारलं. मी सांगितलं, तुमच्या माहेरच्या अमुक घरचा जावई, सासूचं नाव सांगितलं. तिनं माझा हात चाचपला. "जवाई का? लय म्हतारे झाले हो तुम्ही."

"तुम्ही काय तरण्या राहिल्या का, अक्का?"

ती हसली. मी विचारलं, "माझ्या सासऱ्याचं नाव आठवतं का तुम्हाला? सुरुंगवाल्याचं?"

"सुरुंगवाला. हां. लय उंच व्हता. विहिरीतून वर आला की बठ्ठा पांढरा, दगडाच्या भुकटीनं. आम्ही पोरी पळायचो त्याले पाहून."

"आणि नाव?"

"नाव कशाले? जवाई म्हनायचो."

"त्याचं खरं नाव."

ती बराच वेळ तोंड हलवत बसली. सुनेनं चहा आणला, तो निवला. मग मीच विचारलं, "अक्का, माझ्या सासूनं कधी उखाणा घेतला होता का? तुमच्यासमोर?"

ती टाळी वाजवून हसायला लागली. "घेतला व्हता ना वं माय! डोहाळजेवनाले. घेईचना. बायांनी दार लावून घेतलं, नाव घे मंग सोडतो. लाजून घेतला. मंग आम्ही पोरी मयनाभर तिले त्याच उखान्यानं चिडवायचो. पान्याले गेली का मागून म्हनायचो. ती आम्हाले खडे मारे."

"म्हणा ना एकदा."

"परक्या मानसाचं नाव मी कशी घेऊ?"

"उखाण्यात चालतं, अक्का."

ती सुनेकडं पाहून म्हणाली, "हा जवाई लय पक्का आहे." आणि मग डोळे मिटून, पोरीसारखा आवाज काढून तिनं म्हटला.

काळ्या दगडात सुरुंग, पाण्याले फुटली वाट,
अमुकचं नाव घेते, मांडला चांदीचा पाट.

अमुकच्या जागी जे होतं ते मी इथं लिहीत नाही. त्याचं नाव मी जिथं घ्यायचं तिथं घेतलं. पण ते ऐकलं तेव्हा मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा. तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "तुमची बायको आनली नही?" मी सांगितलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग म्हणाली, "तिच्याच डोहाळजेवनाचा उखाना व्हता तो. ती पोटात व्हती."

परतीच्या बसमध्ये मी उखाणा तोंडात घोळवत बसलो, विसरायला नको म्हणून. शेजारचा माणूस मी काही जप करतो आहे असं समजून सरकून बसला. बरंच झालं, मला जागा झाली.

दुसऱ्याच दिवशी धुळे गाठलं. आखाजी उद्यावर होती. बसस्टँडसमोर डांगरांचे ढीग आणि घागरींच्या रांगा लागलेल्या. भाई नेहमीच्या जागी होते. "या रोलरवाले," ते म्हणाले. "वहिनी नाही आल्या? मागच्या वेळी मला सांगून गेल्या होत्या, पुढच्या वेळी बिबडे आणीन म्हणून."

मी सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवरचा हात काढला, समोरच्या पक्षकाराला "तुम थोडी देर चाय पी के आओ" म्हणून उठवलं, आणि मला त्या खुर्चीवर बसवलं.

"बोला."

"नाव मिळालं," मी म्हणालो, आणि उखाणा म्हणून दाखवला. कोर्टासमोर, काळ्या कोटातल्या वकिलांच्या गर्दीत, माझ्यासारखा म्हातारा उखाणा म्हणतो आहे. भाई हसले नाहीत. नाव टाइप केलं.

"आबा, ह्या नावाचे ढीगभर आहेत."

"असू द्या. एकेक बघा."

"बर्मा?"

"बर्मा सोडा. बर्मा गावानं ठरवलेला. इंजिनियर लोक बघा, सॅपर. जिथं असतील तिथं."

ते एकेक उघडत गेले. हा पंजाबचा. हा साताऱ्याचा. हा पायदळाचा. मी खुर्चीच्या दांड्याला धरून बसलो होतो. मग ते थांबले. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"आबा, तुमच्या सासूबाईंचं नाव काय?"

"कशाला?"

"सांगा तर."

मी सांगितलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि इंग्रजी अक्षरांखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. सॅपर. इंजिनियरांची फील्ड कंपनी. देश इटली. मग तारीख. आणि शेवटी, अमुकचा नवरा, राहणार अमुक गाव, पूर्व खान्देश. त्या अमुकच्या जागी माझ्या सासूचं नाव होतं.

मी ते त्यांना पुन्हा वाचायला लावलं. सासूनं एकदा सोडून जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. आणि तो समुद्रापलीकडं कुठल्या तरी साहेबासमोर उभा राहून बायकोचं नाव सांगून आला होता. तुझं घरचं कोण, म्हणून विचारलं असेल. यानं सांगितलं असेल. म्हणून ते लिहिलं गेलं.

"भाई," मी विचारलं, "पळून गेलेल्याचं नाव यात असतं का?"

"पळालेल्याचं नाव दगडावर कोण कोरणार, आबा? हे नोकरीत असताना गेलेले. यांना तिकडंच जाळलं असेल, हिंदू शिपाई आहेत म्हणून. इथं फोटो आहे बघा." हिरवं गवत होतं, उंच उंच झाडं, आणि एक दगड. नाव त्या फोटोत वाचता येत नव्हतं. मी तो फोटो जवळून पाहिला आणि लांबून पाहिला.

मग मी म्हणालो, "हे लोक तिकडं काय करत होते ते सांगा." त्यांनी शोधून वाचून दाखवलं. इंग्रजीतून मराठी करत करत, मध्येच हिंदी. पळणारी जर्मन फौज मागचे पूल उडवून जायची, रस्त्यात सुरुंग पेरून जायची. मग आपली फौज पुढं सरकायच्या आधी हे इंजिनियर लोक जायचे. जमीन टोचत टोचत सुरुंग काढायचे, नदीवर लोखंडी पूल जोडायचे, चिखलात दगड टाकून रस्ता करायचे. समोरून तोफा चालू असायच्या. माझा रोलर सगळ्यात शेवटी यायचा, सगळं झाल्यावर, दाबायला. हे सगळ्यात आधी. तो नेमका कशानं गेला, सुरुंगानं, गोळीनं, की नदीत, ते कुठं लिहिलेलं नाही. तेवढं मला सांगता येत नाही, आणि अंदाजानं सांगणार नाही. तिला चाललं नसतं.

कागद तरी गावात का आला नाही, याचाही मी विचार केला. आला असेल. खऱ्या नावानं आला असेल. गावात त्या नावाचा माणूस कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून परत गेला असेल. एकच जण ओळखणारी होती, आणि बाईला नवऱ्याचं नाव विचारायला कोण जातो? हा मात्र माझा अंदाज आहे. तो मी अंदाज म्हणूनच लिहितो.

निघताना भाईंनी माझ्या हातात छापलेला कागद दिला आणि म्हणाले, "बिबडे राहिले हां."

बसस्टँडवरून मी मामेभावाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता, त्याचा नाही.

"आहेस का?" मी विचारलं.

"हाव."

"तुझ्या आत्याचं नाव लिहेल शे तठे. नवरा म्हणून."

"दाजी, खात्री आहे का तुमची?"

"मी पाहून आलो. उद्या घागर भरतो."

"जवाई सासऱ्याची घागर नही भरत, दाजी. पद्धत नही."

"मग तू भर."

त्यानं कोंबड्यांना हाकललं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी अक्काले पंगतीत बोललो व्हतो."

"बोलला होतास," मी म्हणालो. "ते आता तिला सांगता येत नाही. यायचं असेल तर सकाळच्या गाडीनं ये. मी कोणासाठी थांबणार नाही."

बस लागली होती. मी चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. एक घागर तिच्यासाठी आधीच आणून ठेवली होती, आता दुसरी हवी होती. कुंभारणीकडं थोड्याच उरल्या होत्या. मी वाजवून वाजवून घेतली. दोन डांगरं घेतली, दोन आंबे. पुरणपोळ्या आणि सांजोऱ्या वहिनींनी पाठवल्या, आमचा हा सण त्यांचा नाही तरी. देवघरासमोर गहू पसरून दोन्ही घागरी मांडल्या. शेगडीत कोळसे पेटवले. फळीवरचा डबा काढला. वर्ष झालं तरी बिबडे कोरडे खणखणीत होते. त्यातला एक वाकडा, माझ्या हातचा, निखाऱ्यावर भाजला आणि तिच्या घागरीजवळ ठेवला.

बोदवडकडची गाडी येऊन गेल्याची वेळ झाली होती. दारात कोणी नव्हतं. मी तांब्या उचलला.

पहिली घागर त्याची. पाणी ओतलं आणि नाव घेतलं. पुटपुटलो नाही. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला वरून द्यावी तशी हाक दिली. शेजारच्या खिडकीतून वहिनींनी डोकावून विचारलं, "आबा, कोणाला बोलावता?"

"सासऱ्याला," मी म्हणालो.

मग तांब्या पुन्हा भरला, दुसऱ्या घागरीत पाणी ओतलं, आणि तिचं नाव घेतलं. तेही मोठ्यानं.